बीपी १८६, तरी घरी पाठवलं?

प्रश्न : माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत. नऊ दिवसांपूर्वी जिन्यात पाय घसरून पडले. मनगट दुखावलं म्हणून इमर्जन्सी विभागात नेलं. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, पण बीपी निघालं १८६/१०८. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर १७२/१०२. ईसीजी, रक्त आणि लघवी तपासली, सगळं ठीक आलं. अ‍ॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी, मनगटासाठी तीन दिवस डायक्लोफिनॅक आणि 'आठवड्याभरात आपल्या डॉक्टरांना दाखवा' एवढं लिहून दोन तासांत घरी पाठवलं. इतकं बीपी असताना दाखल का करून घेतलं नाही? बाबांना त्रास कसलाच नाही. आम्ही मनगटावर बांधायचं मशीन आणलं. चौथ्या दिवशी त्यात १२८/७८ आलं, तेव्हापासून त्यांनी बीपीची गोळी बंद केली. काल १६४/९८ आलं, लगेच पुन्हा मोजलं तर वरचा आकडा १७६. आता ते म्हणतात मशीनच खराब आहे. दुखण्याची गोळी मात्र अजून घेतात. डॉक्टरांकडे अजून जाणं झालेलं नाही, कारण 'एकदा गोळी सुरू झाली की जन्माची' ही त्यांची धास्ती. मी काय करू?
– काळजीतली मुलगी

उत्तर : ताई, आधी आजची कामं, कारणं मागाहून.

डायक्लोफिनॅक आज बंद करा. तीन दिवसांची गोळी नऊ दिवस चालली आहे आणि बीपी चढं राहायला तिचा हातभार लागत असणार. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली औषधं. ती मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, त्यामुळे बीपी वाढतं. पुढे बाबांना टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी आणि तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी लागली, तर त्यात या वेदनाशामकाची भर पडून मूत्रपिंड एकाएकी बिघडू शकतं. दुखणं राहिलंच असेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी द्या, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवा. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर तीही विचारूनच. पाण्यात फसफसून विरघळणारी पॅरासिटामॉल मात्र नको. तिच्यात सोडियम बरंच असतं. वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल चालेल, त्यातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं.

बीपीशी संबंध नसलेली, तरी सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. पडून नऊ दिवस झाले आणि मनगट अजून गोळी मागतंय, तर ते पुन्हा दाखवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर नक्कीच. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत दिसत नाही असं पुष्कळदा होतं. दहा ते चौदा दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत ती उमटते.

दुसरं काम, अ‍ॅम्लोडिपीन पुन्हा सुरू करा. लिहून दिलेली तेवढीच, रोज एक. बुडालेल्या पाच दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या द्यायच्या नाहीत. चक्कर किंवा आणखी काही त्रास झाला म्हणून गोळी थांबवली असती, तर आधी डॉक्टरांना विचारा असं सांगितलं असतं. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

तिसरं, याच आठवड्यातली डॉक्टरांची वेळ आज ठरवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. दाखल करून घ्यायचं की घरी पाठवायचं, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. त्या दाबाने या घडीला मेंदू, हृदय, महाधमनी, मूत्रपिंड किंवा डोळ्यांना इजा होते आहे का, यावर ठरतं. इजा होत असेल तर रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवून, शिरेतून औषध देऊन, मोजून-मापून बीपी उतरवतात. तुमच्या बाबांचा ईसीजी, मूत्रपिंडाची रक्ततपासणी आणि लघवी पाहिली ती यासाठीच. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तेही योग्य केलं, कारण वेदना, भीती आणि धावपळ यांनी बीपी वीस-तीस अंकांनी सहज वर जातं.

इजा नसताना आकडा झटपट खाली आणणं धोक्याचं असतं. अनेक महिने किंवा वर्षं बीपी चढं असलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावतात. तासाभरात दाब एकदम पाडला की त्यांना जुळवून घेता येत नाही, मेंदूला रक्त कमी पडतं आणि पक्षाघात होऊ शकतो. पूर्वी निफेडिपीन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत सर्रास होती. त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याचं दिसलं, म्हणून ती मोडीत निघाली. आजही कुणी 'जिभेखाली ठेवा, लगेच उतरेल' असं सुचवलं तर ऐकू नका. घरात दुसऱ्या कुणाच्या बीपीच्या गोळ्या असतील तर त्यातली एखादी 'आजच्यापुरती' देणं हाही तोच प्रकार.

म्हणजे घरी पाठवण्यात चूक नव्हती. गाडी अडली ती पुढे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं काम त्या रात्रीपुरतं. नेहमीच्या डॉक्टरांना यातलं काही कळलेलं नाही. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे कागदावरची एक ओळ, आणि ती ओळ मनगटाच्या दुखण्याखाली झाकली गेली. 'दुखत होतं म्हणून वाढलं असेल' असं म्हणून हा आकडा सोडून देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण इमर्जन्सीत ज्यांचं बीपी इतकं चढं निघतं, त्यांतल्या अनेकांचं ते नंतर शांतपणे मोजल्यावरही जास्तच भरतं. पडण्याच्या निमित्ताने बाबांचं बीपी उघडकीस आलं, हे त्यांच्या पथ्यावर पडलंय असं समजा.

आता मशीन. ते खराबच असेल असं नाही. मनगटावरचं यंत्र हाताच्या उंचीबाबत फार हळवं असतं. यंत्र हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर वर धरलं तर आकडा साधारण आठने कमी येतो, तेवढंच खाली राहिलं तर आठने जास्त. हात छातीवर उंच धरून एकदा आणि मांडीवर ठेवून एकदा मोजलं, तर नुसत्या त्या फरकाने वीस-पंचवीस अंकांचा खेळ होतो. दुखऱ्या, सुजलेल्या मनगटावर बांधलं असेल तर मग बोलायलाच नको. चौथ्या दिवशीचं १२८/७८ गोळीने आलं असेल यावर माझा फारसा विश्वास नाही. अ‍ॅम्लोडिपीन रक्तात हळूहळू साठत जातं. त्याची पातळी स्थिरावायला सात-आठ दिवस लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला आणखी थोडे. उतरतंही तसंच सावकाश, म्हणून गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस काहीच बिनसलं नाही असं वाटतं. बाबांची फसगत तिथेच झाली.

शक्य असेल तर दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. त्या मॉडेलची अचूकतेची चाचणी झालेली आहे का, हे विचारून घ्या. आणि दुकानात जाण्यापूर्वी बाबांच्या दंडाचा घेर टेपने मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. यंत्रासोबत येणारा पट्टा अनेकदा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठीचा असतो. पट्ट्यावर त्याचं माप छापलेलं असतं, ते वाचा. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. ही चूक यंत्राइतकीच जुनी आहे. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ साली दंडावर बांधायचा पट्टा आणला, तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि बीपी जास्त दाखवायचा. तो रुंद हवा हे फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं.

मोजण्याची रीत अशी. अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. मूत्राशय भरलेलं असताना वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. दंड उघडा हवा. बाही वर गुंडाळून तिचा काच बसत असेल तर शर्टच काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळग्यापासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच घट्ट. हात टेबलावर असा टेकवायचा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. फोन नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. मोजताना तुम्हीसुद्धा 'किती आलं?' असं विचारू नका, त्यांनी दिलेल्या उत्तरानेच आकडा वाढतो.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरा. दोन्हींत दहापेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, दोन मोजण्यांमध्ये एका मिनिटाचं अंतर, असं सलग सात दिवस. काल तुम्ही लगेच पुन्हा मोजलंत आणि आकडा चढला, त्यात नवल नाही. मध्ये विसावा नव्हता, आणि पहिला आकडा पाहून बाबा दचकले असणार. अधूनमधून भीती वाटली म्हणून मोजू नका. भीतीने वाढतं आणि वाढलेलं पाहून भीती. वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि गोळी घेतली की नाही एवढं लिहा. आलेला आकडा आहे तसा लिहायचा, १६० ला १५० करायचं नाही, 'आजचा धरू नका' म्हणून खोडायचा नाही. सात दिवसांनी पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी जास्तच म्हणायचं. दवाखान्यातल्या १४०/९० ची बरोबरी घरी या आकड्यांशी होते. यंत्राने 'अनियमित ठोके' अशी खूण वारंवार दाखवली तर तिची वेगळी नोंद करा. ठोके अनियमित असले की यंत्राचे आकडे कमी भरवशाचे होतात, आणि ते ठोके स्वतंत्रपणे तपासून घ्यावे लागतात.

सात दिवस पूर्ण झाले नाहीत म्हणून डॉक्टरांची भेट मात्र पुढे ढकलू नका. तीन दिवसांची वही नेली तरी चालेल.

जाताना सोबत काय न्यायचं? डिस्चार्जचा कागद, ईसीजी, रक्त-लघवीचे अहवाल, ही वही, यंत्र आणि बाबा घेतात त्या सगळ्या औषधांची पाकिटं. सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रीन किंवा फिनाइलेफ्रीन असतं, त्याने बीपी चढतं. नाक मोकळं करणारे थेंब दिवसेंदिवस वापरले तर त्यांनीही. स्टेरॉइडच्या गोळ्या, ताकद वाढवण्याच्या नावाखाली घेतलेली पावडर, आणि खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध हेही त्या यादीत. ज्येष्ठमधाने शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं, आणि 'ते काही औषध नाही' म्हणून कुणी सांगत नाही. यंत्र न्यायचं ते डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहण्यासाठी.

डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या विचारा. आपलं लक्ष्य किती? (बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो, पण वय आणि इतर आजार पाहून ते ठरवतील.) लक्ष्य गाठलं नाही तर किती दिवसांनी औषध बदलायचं? आणि पुढची रक्ततपासणी कधी? औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं आणि लक्ष्य गाठेपर्यंत हे चालू ठेवायचं. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी), पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन यांपैकी जे इमर्जन्सीत झालं नसेल ते आता व्हायला हवं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जातीची गोळी सुरू केली तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एक ते चार आठवड्यांत पुन्हा पाहतात. एका गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या गोळ्यांचे छोटे डोस बऱ्याचदा जास्त काम करतात आणि त्रास कमी देतात. त्यामुळे दुसरी गोळी लिहून दिली म्हणजे आजार बळावला असा अर्थ बाबांनी काढू नये.

अ‍ॅम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांना संध्याकाळी सूज येते. ती मूत्रपिंडाच्या आजाराची नसते आणि लघवीच्या गोळीने फारशी उतरतही नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा सोबत दुसरी गोळी देतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, मग त्यांच्याऐवजी दुसऱ्या गटातली गोळी देतात. प्रत्येक त्रासावर असा काही ना काही पर्याय असतो, म्हणून गोळी मनाने बंद करण्याऐवजी फोन करावा. पुढे कधी क्लोनिडीन, मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल यांपैकी बीपीचं औषध मिळालं तर ते एका दिवसात सोडणं जास्तच घातक. बीपी उसळी मारतं, छातीत दुखू शकतं.

गोळी सकाळी की रात्री? बाबांच्या लक्षात राहील तेव्हा. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. दात घासण्याच्या ब्रशशेजारी पाकीट ठेवा, आठवड्याच्या वारांचे खण असलेली डबी आणा. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, त्या दिवशीची एकच घ्यायची.

परत इमर्जन्सीत कधी न्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, छातीत दुखणं, धाप लागणं, पाठीत फाटल्यासारखी कळ, असंबद्ध बोलणं, आकडी, किंवा उलट्यांसह आजवर कधी झाली नाही अशी डोकेदुखी. यातलं काहीही झालं तर बीपी मोजत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघाताच्या लक्षणांत नेमकी सुरुवात कधी झाली ती वेळ लिहून ठेवा, उपचार तिच्यावर ठरतात. लक्षण काहीच नाही पण आकडा १८०/१२० च्या वर आला, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, जादा गोळी देऊ नका. हे पत्र वाचणाऱ्या गर्भवतींना आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत असणाऱ्यांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांचं बीपी १६०/११० झालं तर त्रास नसला तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

राहिली जन्मभराची धास्ती. बाबांना खरं ते सांगा. या गोळीची सवय लागत नाही. सोडल्यावर बीपी वाढतं ते मूळ आजार तिथेच असल्यामुळे. बहुतेकांना ती बरीच वर्षं घ्यावी लागते, पण डोस कमी होणं किंवा काहींची गोळी सुटणंही घडतं, आणि ते वहीतले आकडे पाहून डॉक्टरांच्या नजरेखाली होतं. त्यासाठी बाबांच्या हातात बरंच आहे. वजन जास्त असेल तर दर किलोमागे वरचा आकडा साधारण एकने उतरतो. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात खारवलेल्या व पाकीटबंद पदार्थांतलं मीठही मोजायचं. सैंधव हेही सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. अनेकांना त्याचा फायदा होतो, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते न विचारता वापरू नये. मद्य घेत असतील तर जितकं कमी तितकं बरं. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास भरभर चालणं. बाबा जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडतो का, दिवसा डुलक्या घेतात का, हे तुम्ही पाहा, कारण त्यांना स्वतःला ते कळणार नाही. झोपेत श्वास अडण्याच्या आजाराने बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

शेवटी गोळ्यांचा हिशेब. इमर्जन्सीतून बहुधा थोड्याच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. पाकिटात किती उरल्यात ते आजच मोजा, आणि त्या संपण्याआधीचा दिवस धरून डॉक्टरांची वेळ घ्या.